शेततळ्यातला पिवळा बेडूक

गेले तीन दिवस धुळ्यात झड लागली आहे. कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल धरली आहे, शेजारच्या गच्चीवरचं पाणी पन्हाळीतून धो धो आमच्या अंगणात पडतं आहे. अंगणाच्या कोपऱ्यात चांगलं घोट्याएवढं डबकं साचलं आहे, भोवती गवत माजलं आहे. अशा जागी बेडूक असायला हवा. एखादा तरी. तीन दिवस मी खिडकीशी बसून आहे, पण पन्हाळीच्या पाण्याखेरीज दुसरा आवाज नाही.

पावसात लोकांना काय काय आठवतं. भजी आठवतात, शाळेची वाट आठवते, कुणाला एखादं माणूस आठवतं. मला एक शेततळं आठवतं. चार वर्षं झाली त्याला. तो श्रावण अजून माझ्या मागे आहे.

मी एकतीस वर्षं इथल्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. सुपडूभाऊ आमच्या प्रयोगशाळेत परिचर होते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. उंच, सडपातळ, खाकी पँट, खिशाला कायम एक चिमटा अडकवलेला. मूळचे पारोळ्याकडच्या एका खेड्यातले. कॉलेजात ते आमच्यासारखं बोलायचे, पण मन हललं की अहिराणीत शिरायचे आणि मग त्यांना त्यातून बाहेर येता येत नसे.

त्या काळी बेडूक कापणं अभ्यासक्रमात होतं. पाऊस सुरू झाला की मी सुपडूभाऊंच्या हातात चिठ्ठी द्यायची, अकरावीला इतके, बारावीला इतके. ते पहाटे एसटीने त्यांच्या गावाकडच्या तलावावर जायचे आणि दुपारी ओलं पोतं घेऊन परत यायचे. पोतं सीटखाली ठेवलेलं असायचं आणि आतून घुमणारा आवाज ऐकून बायका पाय वर घेऊन बसायच्या, असं ते हसत सांगत. मोठे, लिंबासारखे पिवळेधमक नर आणि तपकिरी-हिरव्या माद्या. क्लोरोफॉर्मची बरणी, मेणाचा ट्रे, टाचण्या. पोट उघडलं की मी मुलामुलींना जवळ बोलवायची, "बघा, हृदय अजून चालू आहे. मोजा ठोके." मुली तोंडाला ओढणी लावायच्या. मी सांगायची, घाबरायचं काय त्यात.

मग वरून आदेश आला आणि बेडूक कापणं बंद झालं. मेणाचे ट्रे कपाटात गेले. सुपडूभाऊ निवृत्त झाले, नंतर मीही झाले. रस्त्यात भेट व्हायची, चहा व्हायचा. इतकंच.

त्या वर्षी आषाढात ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. डोकं भादरलेलं होतं. केसरबाई, त्यांच्या पत्नी, महिन्यापूर्वी गेल्या होत्या. डेंग्यू झाला होता. मी भेटायला जाऊन आले होते, त्यामुळे ते मुद्दाम घरी का आले हे मला कळेना. पाणी प्यायले, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "मॅडम, माले पिवळा बेडूक देखना शे. जित्ता."

"बेडूक? कशाला, सुपडूभाऊ?"

त्यांनी पेला बाजूला सरकवला. मग म्हणाले, "तुम्हीच शिकवायच्या ना वर्गात, बेडूक डास खातो, डासांची पिल्लं खातो. मी दाराशी उभा राहून ऐकायचो. मी कितला मारात, मॅडम, माले याद बी नही. आणि मग ही डासानं गेली."

मी त्यांना समजावलं. म्हटलं, तुम्ही पारोळ्याकडचे बेडूक धरले आणि केसरबाईंना डास चावला धुळ्यात. आठ-आठ दिवसांनी नळाला पाणी येतं, माणसं पिंपं भरून ठेवतात, त्यात डास होतात. त्याचा तुमच्या पोत्याशी काही संबंध नाही. सगळं खरं होतं, आणि मी ते नीट मुद्देसूद सांगितलं, जशी वर्गात सांगायची तशी. ते मान डोलवत राहिले. मग म्हणाले, "ते समजतं हो. तरी एक बघू द्या. एक दिसला तर मला झोप लागेल."

चिठ्ठी लिहिणारा हात माझा होता. ते त्यांनी एका शब्दानंही काढलं नाही. म्हणून मी हो म्हटलं.

गावाचं आणि तलावाचं नाव मी इथं लिहीत नाही. नाव छापलं की कासवं पकडणारे तिथं पोचतात, असं मला पक्षी-प्राणी बघणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी बजावून सांगितलं आहे. तलाव जुना आहे. एका अंगाला दगडी पाळ, दुसऱ्या अंगाला पाणी उथळ होत होत शेतात शिरतं आणि मध्ये पाणकणसाचं रान. पूर्वी हा दलदलीचा भाग पार रस्त्यापर्यंत होता म्हणे. आता तिथं मका आहे.

पहिल्या रविवारी आम्ही सकाळच्या एसटीने उतरलो तेव्हा भुरभूर चालू होती. मी रेनकोट, पावसाळी बूट, वही, दुर्बीण अशा थाटात. सुपडूभाऊ पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून अनवाणी. पाण्याच्या कडेला गेल्याबरोबर त्यांनी हात करून मला थांबवलं. समोर पाण्यावर नुसते डोळे दिसत होते. दोन, चार, दहा जोड्या. मी पाऊल टाकलं आणि ते सगळे पाण्याच्या पृष्ठभागावरून टप् टप् टप् उड्या मारत पळाले, मुलं पाण्यावर चपटा दगड फेकतात तसे. मी जोरात हसले. एवढी वर्षं शिकवलं, पण हे बेडूक असे पळताना मी कधी पाहिले नव्हते. माझे बेडूक नेहमी उताणे असायचे.

त्या दिवशी आम्हाला खूप काही सापडलं. शेवाळातून मान वर काढून बघणारी दिवड, पाण्यातला साप, अंगावर बुद्धिबळाच्या पटासारख्या चौकटी. नखाएवढी भेकाची पिल्लं, चिखलात शेकड्यांनी, पाय ठेवायला जागा नाही. बाभळीच्या खोडाला चिकटलेला झाडावरचा बेडूक, खोडाच्याच रंगाचा. तो मी बघितलाच नव्हता. सुपडूभाऊंनी माझं बोट धरून त्याच्या समोर नेलं तेव्हा दिसला. पाळीवर बसून आम्ही त्यांच्या सुनेनं बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी खाल्ली. ते म्हणाले, "पिवळा पण असंल. आज नाही तर पुढच्या टायमाला."

दुसऱ्या रविवारी घोरपड दिसली. पाळीच्या दगडांतून निघाली, जीभ बाहेर काढत आमच्याकडे पाहिलं आणि सावकाश निघून गेली. दुपारी एक कासव सापडलं, मऊ पाठीचं, चिखलात अर्धं रुतलेलं. सुपडूभाऊ त्याच्याजवळ उकिडवे बसले. दोन्ही मागच्या पायांना मासे धरायच्या जाळ्याचा निळा धागा करकचून बसला होता, एक पाय काळा पडला होता. त्यांनी खिशातून चिमटा काढला. तोच, कॉलेजातला. मी माझ्या कात्रीनं धागा कापला, त्यांनी चिमट्यानं एकेक तंतू मांसातून ओढून काढला. कासव मान आत घेऊन गप्प होतं. पाण्यात सोडलं तेव्हा ते एका बाजूला कलंडत गेलं. जगलं की नाही कोण जाणे.

पिवळा बेडूक नव्हता. तिसऱ्या रविवारी चांगला मुसळधार पाऊस होऊन गेला होता, अशाच पावसावर ते शेकड्यांनी निघत. आम्ही तलावाची पूर्ण फेरी मारली. शेतांच्या कडेची डबकी पाहिली, नाल्यातले खड्डे पाहिले. मक्याच्या बांधावर एक म्हातारी गवत कापत होती. सुपडूभाऊंनी तिला विचारलं, "अक्का, इकडं मोठा पिवळा बेडूक निघतस का?"

ती विळा थांबवून हसली. "आते कथा शेतस बेडूक, दादा? तन नही ऱ्हायनं, किडा नही ऱ्हायना. बठ्ठं फवारामा गयं." तण नाही, किडा नाही, फवारणीत सगळंच गेलं, असं तिचं म्हणणं. मग आमचे चेहरे पाहून तिला वाईट वाटलं असावं. हात लांब करून म्हणाली, "नानाना शेततळामा देखा. तठे पडतस."

'तिथं पडतात' म्हणजे काय, हे आमच्या दोघांच्याही लक्षात आलं नाही. उशीर झाला होता, पाऊस वाढला होता. ते शेत पुढच्या रविवारी बघायचं ठरलं. परत येताना एसटीत सुपडूभाऊ खुशीत होते. त्यांनी मला त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगितली. बेडूक ओरडायला लागले की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसे, आई वैतागून दार लावून घ्यायची, आणि नवी लग्न होऊन आलेली केसरबाई पहिल्या पावसाळ्यात घाबरून रडली होती. तिला वाटलं होतं, म्हशी बुडतायत.

एक आठवडा आधी गेलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मी आता करत नाही. निदान तसं ठरवलं आहे.

चौथ्या रविवारी ऊन पडलं होतं. नानांचं शेत तलावापासून दोन शेतं सोडून. नाना पन्नाशीचे, बोलायला मोकळे. आम्ही बेडूक बघायला आलोय म्हटल्यावर त्यांना आश्चर्य वाटलं, पण त्यांनी काही विचारलं नाही, फक्त पुढे चालू लागले. शेततळं म्हणजे मोठा चौकोनी खड्डा, चारही बाजू उतरत्या, आणि तळापासून काठापर्यंत काळं जाड प्लास्टिक अंथरलेलं. उन्हात ते आरशासारखं चमकत होतं. अर्ध्याला पाणी होतं.

काठावर उभं राहिल्यावर आधी मला वाटलं, पाण्यावर पिकलेली पानं तरंगताहेत.

ते सहा बेडूक होते. मेलेले, फुगलेले, हातपाय पसरून. पिवळा रंग उडून राखाडी-फिकट झाला होता. शिवाय एक नानेटी साप, दोन भेक आणि ओळखू न येणारं काहीतरी केसाळ.

"रोज एक-दोन काढस मी," नाना म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "परवा धामण व्हती. पाणी दिसलं की येतात बिचारे. आत जाता येतं, वर येता येत नाही. प्लास्टिकवर पाय ठरत नाही. माणूस बी पडला तर निघत नाही, म्हणून तर मी पोरांना इकडं येऊ देत नाही."

"मॅडम," सुपडूभाऊ म्हणाले, "तो देखा."

पलीकडच्या कोपऱ्यात एक जिवंत होता. प्लास्टिकला पुढचे पाय टेकून उभा राहायचा, उडी मारायचा, दोन हात वर जायचा आणि घसरत परत पाण्यात. पुन्हा पोहत कोपऱ्याशी यायचा. पुन्हा उडी. पिवळा, लिंबासारखा पिवळा, गळ्याशी दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्यांच्या घड्या. किती वेळ हे चाललं होतं कोण जाणे. उड्या खुज्या होत चालल्या होत्या.

मी म्हटलं, बादली सोडू. नानांनी बादली आणली, दोर बांधला, पण बादली जवळ आली की बेडूक बुडी मारायचा. दोन-तीनदा तसं झालं. मग सुपडूभाऊंनी दुसऱ्या दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधायला सुरुवात केली.

"काका, तुमचं वय काय," नाना म्हणाले. "पाय सरकला तर माझ्या एकट्यानं तुम्हाला ओढणं जमणार नाही."

"मॅडम शेतस ना."

आम्ही दोघांनी दोर बाभळीला एक वेढा देऊन धरला. सुपडूभाऊ पाठमोरे होऊन एकेक पाऊल खाली गेले. गुडघ्याएवढ्या पाण्यात पोचल्यावर ते वाकून स्थिर उभे राहिले. बेडूक कोपऱ्याशी आला. त्यांचा हात गेला तो मला दिसलाही नाही. वर आला तेव्हा बेडूक मुठीत होता, कमरेशी दोन बोटांनी धरलेला, पाय लांब लोंबत. असेच ते बरणीशेजारी उभे राहून एकेक माझ्या हातात द्यायचे. मला तिथं दोर सोडून पळून जावंसं वाटलं.

त्यांनी बेडूक सदऱ्यात ठेवला आणि मग मेलेले गोळा करायला लागले. नाना वरून ओरडले, "राहू द्या ते, मी काढतो नंतर," पण त्यांनी ऐकलं नाही. एकेक बादलीत घातला. आम्ही बादली वर ओढली, मग त्यांना ओढलं. काठावर आल्यावर ते बराच वेळ हातापायांवर ओणवे राहून श्वास घेत होते, सदऱ्याचा पुढचा भाग मात्र जमिनीला लागू न देता.

बादली माझ्या पायाशी होती. मी आत पाहिलं. सहापैकी पाच नर. सहावी मोठी, तपकिरी. गळ्याशी काळसर घड्या नाहीत, अंगठ्यावर नराला असते ती गादी नाही. पोटाची कातडी ताणून पातळ झाली होती आणि आतून काळे दाणे दिसत होते. अंडी. हजारो असतील. मी एकतीस वर्षं हे शिकवलं होतं, एका नजरेत कळलं. मी बादलीवर पोतं टाकलं.

जिवंत बेडूक आम्ही तलावात सोडला. सुपडूभाऊ पाणकणसाच्या कडेला कमरेएवढ्या पाण्यात गेले आणि त्यांनी मूठ उघडली. तो त्यांच्या तळहातावर बसून राहिला. गळा वरखाली होत होता. मग पाण्यात उतरला, दोन झटके, आणि दिसेनासा झाला. आम्ही पाळीवर बसलो. भाकरी सोडली नाही. ऊन उतरायला लागलं तरी आम्ही बसून होतो, पण तो ओरडला नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "मादी असंल ना इकडं कुठं?"

मी पाण्याकडे बघत म्हटलं, "असेल की. तलाव मोठा आहे."

"हां," ते म्हणाले. "तलाव मोठा शे."

एसटीची वेळ होत आली होती. मी पुढे झाले, ते नानांकडून टिकाव घेऊन मेलेल्यांना पुरायला गेले. मागून आले तेव्हा त्यांच्या खांद्यावरचा पंचा नव्हता. मला वाटलं, पाण्यात राहिला असेल. गाडीत त्यांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांना झोप लागली असं समजून मी बरं वाटून घेतलं.

पुढच्या रविवारी आम्ही तळ्याच्या उतारावर पोती बांधायला जाणार होतो. ओल्या पोत्यावर जनावराला पाय रोवता येतो, तेवढंच. सुपडूभाऊ स्टँडवर आले नाहीत. फोन लागला नाही. मी एकटी गेले.

नाना म्हणाले, "काका बुधवारीच येऊन गेले. एकटेच. चार कोपऱ्यांना चार पोती बांधून गेले."

खरंच बांधली होती. धार नसलेले गोटे शोधून, प्लास्टिकला कुठंही छिद्र पडू न देता. नानांनी एकही काढलं नव्हतं. पण वाऱ्यानं एक पोतं वर गोळा होऊन काठावर आलं होतं. त्या कोपऱ्यात, पोत्याच्या टोकापासून हातभर खाली, एक दिवड मरून तरंगत होती.

बाभळीखाली माती उकरलेली दिसली. नानांनी दाखवलं, इथं पुरले त्यांनी. दोन ढिगारे होते. एक मोठा. दुसरा जरा बाजूला, लहान, वर सपाट दगड ठेवलेला.

"हा वेगळा का?"

"एक वेगळा पुरला, स्वतःच्या पंचात बांधून. बुधवारी आले तेव्हा बी इथंच बसले होते तासभर. मी म्हटलं, चहा घ्या, तर नको म्हणाले."

मी तिथंच खाली बसले. कित्येक वर्षं हा माणूस पोत्यात हात घालून, न बघता, नुसत्या स्पर्शानं नर आणि मादी वेगळे करून माझ्या टेबलावर ठेवत होता. मी बादली झाकली, पण त्याआधी तळ्यातून एकेक उचलून बादलीत घालणारे तेच होते.

मी तिथूनच पुन्हा फोन लावला. या वेळी उचलला गेला. मागे त्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता.

"सुपडूभाऊ, मी तळ्यावर आहे."

"हां मॅडम."

"ती मादी होती. तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. कुणीतरी दार लोटून घेतल्यासारखं वाटलं.

"हां," ते म्हणाले.

"मग मला का विचारलंत, मादी असेल ना म्हणून?"

पलीकडे खाट करकरली, ते बसले असावेत.

"माले वाटनं, तुमले नही दिसनं," ते म्हणाले. "तुम्ही इतक्या लांब माझ्यासाठी येत होत्या. म्हटलं, मॅडमच्या मनात तरी राहू द्यावं, कुठंतरी आहे म्हणून."

त्यांनी एकदाच विचारलं, पोती टिकली का. मी म्हटलं, टिकली.